कोकणातली जुनी पिकअप घेताना: आधी खालून बघा, इंजिन मागाहून

जुनी पिकअप बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदा चावी मागतो. इंजिन चालू करतो, दोनदा रेस देतो, "आवाज चांगलाय" म्हणतो आणि इसार देऊन मोकळा होतो. घाटावरच्या गाडीला हे एखादवेळेस खपून जाईल. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण या पट्ट्यात चाललेल्या गाडीला हा क्रम महागात पडतो. इथे डिझेल इंजिन सहसा आधी मरत नाही, आणि मेलंच तर उघडून बांधता येतं. गाडी संपते ती चेसीस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजानं खाल्ली गेल्यामुळे, आणि पोखरलेली चेसीस कितीही पट्ट्या मारल्या तरी पूर्ववत होत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: हौदा, कागद, खालची बाजू, थंड इंजिन, माल भरून चढ-उतार, मग तापलेल्या गाडीची पुन्हा एकदा पाहणी. इसार त्यानंतर. महिंद्राची बोलेरो पिकअप असो, टाटाची योद्धा असो, अशोक लेलँडची दोस्त असो की टाटाची छोटी एस, क्रम बदलत नाही.

जाण्याआधीची तयारी

बरोबर घ्यायचं सामान: छोटी हातोडी (पाव किलोची पुरे), चपट्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, चांगला टॉर्च, मोजपट्टी, तारेचा ब्रश, लोहचुंबक, हवा मोजायचं गेज, चिंध्या आणि खाली झोपायला जुनी चटई. डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) फिलर प्लगचा, म्हणजे ऑइल भरायच्या बुचाचा, पाना त्या गाडीच्या मापाचा विचारून घ्या. कुठे ॲलन की लागते, कुठे साधा पाना.

विकणाऱ्याला आदल्या दिवशी दोन गोष्टी सांगून ठेवा. सकाळी आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका, आणि गाडी धुऊ नका. धुतलेल्या ओल्या चेसीसवर गंज आणि ताजा रंग सारखेच काळे दिसतात, तापलेलं इंजिन थंडीतली तक्रार लपवतं.

जागा खड्डा किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजचीच घ्या. अंगणात वाकून बघितलेलं बघितल्यात जमा नाही.

*इशारा: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. लाल माती दबते आणि जॅक कलतो. खाली स्टँड लावा, नाहीतर खड्ड्यावरच बघा.*

टप्पा १: गाडीनं काय वाहिलं ते शोधा

हा प्रश्न किलोमीटरच्या आकड्याहून मोठा आहे. मीटर मागे फिरवता येतो, हौद्याचे सांधे खोटं बोलत नाहीत. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीखाली आणि तळाच्या पत्र्याच्या सांध्यांत स्क्रूड्रायव्हरचं टोक फिरवा. काय निघतं ते बघा.

पेंढ्याच्या काड्या निघाल्या तर गाडी आंब्याच्या पेट्या वाहत होती. माल फार जड नाही, पण वाशीच्या बाजारापर्यंतच्या रात्रीच्या फेऱ्या झालेल्या असतात. इंजिन, क्लच आणि टायरकडे जास्त लक्ष द्या.

लाल भुकटी आणि घासून चकचकीत झालेला तळ दिसला तर चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड. एक चिरा मापाप्रमाणे पंचवीस ते पस्तीस किलोपर्यंत भरतो. सरासरी ३० धरली तर दीड टनाच्या गाडीत ५० चिरे बसतात. शंभर चढवले की सरळ तीन टन झाले, आणि खाणीवर पन्नासावर थांबणारा विरळाच. अशा गाडीचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), मागचं हौसिंग (डिफरन्शियलचं कवच) आणि चेसीसवरचे ब्रॅकेट आधी बघा.

वाळलेले खवले, किंवा ऊन लागल्यावर सुटणारा वास आला तर मासळी. बर्फ वितळतो, क्रेटमधलं खारं पाणी हौद्याच्या सांध्यांतून थेट चेसीसवर ठिबकतं, तेही रोज. मासळीची पाच वर्षांची गाडी आंब्याच्या दहा वर्षांच्या गाडीपेक्षा म्हातारी असू शकते. मासळीच्या गाडीचा टप्पा ३ घाईत उरकला तर बाकी सगळी तपासणी फुकट गेली म्हणून समजा.

टप्पा २: कागद आणि चेसीस नंबर

आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी आणि कराची पावती समोर ठेवा आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर ताडून घ्या. थकलेली ई-चलनंही तिथेच पाहून घ्या. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं. आठ वर्षं ओलांडलेली गाडी घेताना हा वार्षिक खर्च आणि फिटनेससाठी करावं लागणारं पत्र्याचं काम किमतीतच धरा.

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण वजन अशा दोन नोंदी असतात. त्यातला फरक, वजा माणसांचं वजन, एवढाच तुमचा कायदेशीर माल. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं.

आता ज्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते. चेसीस नंबर प्रत्यक्ष चेसीसवर वाचता येतो का? किनाऱ्यावरच्या गाड्यांत गंजानं नंबरचे आकडे पुसट होतात. नंबरवर कागद धरून पेन्सिल घासा. सगळे आकडे उमटले पाहिजेत आणि आरसीशी जुळले पाहिजेत. एक जरी आकडा उमटत नसेल तर नावावर करताना अडकाल.

*इशारा: नंबर स्पष्ट दिसावा म्हणून त्यावर ग्राइंडर किंवा ड्रिलचा तारब्रश लावू देऊ नका. चिंधीला थोडं डिझेल लावून हातानं पुसा. घासलेला नंबर संशयास्पद ठरतो.*

गाडी जुलै २०२१ आधीची आणि चिपळूण-महाडकडची असेल तर पुराचा प्रश्न थेट विचारा. २२ जुलै २०२१च्या पुरात तिथे असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळाचे बोल्ट, फ्यूज बॉक्समागची जोडणी आणि हेडलाइटच्या आतला तळ बघा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवी बुरशी दिसली तर पुढचे टप्पे करूच नका, घरी या.

टप्पा ३: चेसीस, इथे निदान अर्धा तास

खड्ड्यात उतरून पुढून मागे जा. चेसीसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर दर वीतभर अंतरावर हातोडीनं हलकेच ठोका. चांगलं लोखंड "ठण्" वाजतं. आतून पोखरलेलं "थप्" वाजतं आणि खाली भुकटी पडते. तसा आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा.

वरवरचा लालसर गंज कोकणातल्या प्रत्येक गाडीला असतो, त्याला भिऊ नका. घासला की खाली घट्ट लोखंड लागतं. भिण्यासारखा असतो तो पापुद्र्यांचा गंज, कांद्याच्या पातींसारखा एकावर एक सुटणारा. पापुद्रा दोन-तीन मिलिमीटरचा निघाला तर मूळ पत्र्याची जाडीही कमी झालेली आहे.

हमखास खाल्ल्या जाणाऱ्या जागा या:

- मागच्या ॲक्सलच्या वर, जिथे चेसीसला कमान आहे. चाकांनी उडवलेला चिखल इथे वरच्या बाजूला बसून राहतो.
- पाट्यांचे पुढचे-मागचे ब्रॅकेट आणि शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या हलत्या कडीच्या) आसपासचा पत्रा.
- हौदा आणि चेसीस यांच्यामधल्या लाकडी किंवा रबरी पट्ट्यांखाली. ही जागा कधी वाळत नाही. टॉर्च आडवा धरून बघा.
- डिझेल टाकीच्या वर आणि बॅटरीच्या खाली.
- आडव्या पट्ट्यांचे, म्हणजे क्रॉसमेंबरचे, सांधे.

आता वेल्डिंग. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं आणि सरळ असतं. गावच्या वेल्डिंगचे गोळे दिसतात, शेजारचा रंग जळालेला असतो. मागच्या ब्रॅकेटजवळ पट्टी मारलेली दिसली तर तिथे तडा गेला होता हे नक्की. हौद्याच्या आडव्या पट्टीला एखादी जोडपट्टी चालेल. लांब पट्टीला, विशेषतः कमानीवर, जोड असेल तर गाडी सोडा.

संपूर्ण खालची बाजू ताज्या काळ्या रंगानं किंवा जळक्या ऑइलनं माखलेली असेल तर तारेच्या ब्रशनं चार जागी खरवडून बघण्याची परवानगी मागा. "रंग खराब होईल" असं उत्तर मिळालं तर खाली काय आहे ते कळलं.

याच खड्ड्यात ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवर बोट फिरवा. पुटकुळ्या हाताला लागल्या तर नळी बदलायचीच. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चेसीसपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग जाते. माल जसा वाढेल तसा मागच्या ब्रेकचा दाब वाढवणारा व्हॉल्व्ह तिच्या टोकाला असतो. ती हातानं हलवून बघा. खाऱ्या हवेत ती जाम होते, मग कोणीतरी तारेनं बांधून ठेवतो. अशी गाडी रिकामी असताना मागून घसरते, नाहीतर भरल्यावर ब्रेकला कमी पडते.

जाता जाता स्टेपनी खाली उतरवून दाखवायला सांगा. तिची साखळी गंजून बसलेली असली तर पंक्चर झाल्यावर करवतीशिवाय सुटायची नाही.

टप्पा ४: पाटे, क्रॉस आणि हौसिंग

सपाट जागी रिकामी गाडी उभी करा. मागच्या प्रत्येक चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. दोन बाजूंत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एका बाजूचा पाटा बसलाय किंवा तुटलाय.

दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. जादा पाटा टाकलेला असणं हा स्वतःहून दोष नाही, कोकणात निम्म्या गाड्यांना तो असतो. पण पाटे जितके ताठ, तितका खड्ड्याचा दणका ब्रॅकेटला आणि तिथून चेसीसला. जादा पाटा दिसला की टप्पा ३ मधले ब्रॅकेट पुन्हा एकदा बघून या. पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या आट्यांवर ताजी चमक दिसली तर ते ढिले होऊन सरकत आहेत. ॲक्सल पाट्यावर जरासा जरी पुढे-मागे सरकलेला असेल तर सेंटर बोल्ट तुटलेला असू शकतो.

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा, हातानं दोन्हीकडे पिळा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) "टक्" आवाजासह खेळ जाणवला तर क्रॉस गेला, स्वस्तात बदलतो. मधल्या बेअरिंगचं रबरही बघून घ्या.

आता डिफरन्शियलचा फिलर प्लग उघडा, करंगळी आत घालून ऑइल काढा. काळपट मधासारखं असेल तर ठीक. कॉफीत दूध घातल्यासारखं असेल तर आत पाणी गेलंय. गाडी ओहोळातून जाते, तापलेलं हौसिंग एकदम थंड होतं आणि ब्रीदर (हौसिंगची हवा जायची-यायची वाट) तुंबलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढून घेतं. नुसतं ऑइल बदलून हे सुटत नाही. तोवर बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडलेले असतात आणि सहा महिन्यांत हौसिंग घुमू लागतं.

टप्पा ५: थंड इंजिन

आधी रेडिएटरचं झाकण उघडा. *फक्त थंड असतानाच.* पाणी गंजून तांबडं झालेलं असेल तर कूलंटऐवजी साधं, बहुधा विहिरीचं पाणी घातलेलं आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरींना अनेकदा खारटपणा असतो आणि तो ब्लॉक आणि वॉटर पंप आतून खातो. रेडिएटरच्या पातळ पट्ट्या बोटानं चुरून पडतात का तेही बघा.

डिपस्टिक बघा. धुराच्या नव्या नियमाच्या, म्हणजे बीएस ६ गाडीत, साधारण एप्रिल २०२० पासूनच्या, ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर सावध व्हा. बंदर ते बाजार अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत धुराच्या फिल्टरची जळून साफ होण्याची क्रिया अर्धवट राहते आणि जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो कोणीतरी काढून ठेवलाय.

आता चालू करा. सुरुवातीचा थोडा धूर चालेल. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेट. ऑइलचं झाकण उघडून त्याच तोंडावर उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि भक्भक् वाफ आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

केबिनबद्दल एवढंच: पायाखालचं मॅटिंग उचला आणि दरवाज्यांच्या खालच्या कडेला चुंबक लावा. चिकटला नाही तर तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

टप्पा ६: फोर बाय फोर असेल तर

फोर बाय फोरसाठी, म्हणजे चारी चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेसाठी, लोक हजारो रुपये जास्त मोजतात आणि तो प्रत्यक्षात गुंततो की नाही हे मात्र बघत नाहीत. वर्षानुवर्षं न वापरलेला लिव्हर आणि हब खाऱ्या हवेत जाम होतात.

१. तपासणी सुट्या मातीवर किंवा वाळूवर करा. डांबरावर फोर बाय फोर लावून वळलात तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) ताण येतो.
२. फोर बाय फोरचा हाय (नेहमीच्या वेगाचा) हळू चालत्या गाडीत लावा, लो (जास्त ओढीचा) गाडी पूर्ण उभी करून.
३. बाहेर दुसरा माणूस उभा करा. चढावर सुट्या मातीत पुढची चाकं माती उडवतात का ते त्यानं लांबून बघायचं.
४. परत टू व्हीलवर, म्हणजे फोर बाय टूवर, आणा. लिव्हर निघाला पण शाफ्ट सुटला नाही, असंही होतं.

खरं सांगायचं तर वाडीपर्यंतच्या पाखाडीसारख्या (पायऱ्यांच्या वाटेसारख्या) चढाला बहुतेकांना फोर बाय फोर लागत नाही. पिकअप अडकते ती रिकामी असताना, कारण मागच्या चाकांवर वजन नसतं. चांगल्या नक्षीचे टायर आणि मागच्या ॲक्सलच्या वर बांधलेल्या वाळूच्या चार गोण्या ओल्या लाल मातीतून बरंच काही काढून देतात. सड्यावरच्या (उघड्या पठारावरच्या) कातळावरून रोज जाणाऱ्यानं, किंवा भर पावसात बागेत उतरणाऱ्यानं फोर बाय फोर घ्यावा.

टप्पा ७: माल भरून फेरी

रिकाम्या पिकअपची ट्रायल ही ट्रायल नव्हे. पाटे, क्लच, ब्रेक, हौसिंग यांच्या तक्रारी वजनाखालीच बोलू लागतात. ५० किलोच्या सोळा गोण्या भरा, ८०० किलो झाले. छोट्या गाडीला तिच्या आरसीप्रमाणे कमी करा. विकणारा नको म्हणाला तर गोण्यांची हमाली तुम्ही द्या.

१. आधी अर्धा किलोमीटर कातळावरून, ताशी १० ते १५च्या वेगानं, काचा खाली करून. एकदाच येणारा "खट्" शॅकलचा किंवा बुशचा; सतत खडखड शॉकअबच्या माउंटिंगची असते.
२. गाडी तिरकी उभी करा: पुढचं डावं चाक एका उंचवट्यावर, मागचं उजवं दुसऱ्या. आता दोन्ही दरवाजे उघडून लावा. दरवाजा घासला किंवा लागेना तर चेसीस किंवा केबिन जागेवर नाही.
३. चार-पाच किलोमीटरचा सलग चढ चढा. आंबा, कुंभार्ली, फोंडा, जो घाट जवळ असेल तो. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट गेली. तापमानाचा काटा सतत वर जात राहिला तर टप्पा ५ मधलं रेडिएटरचं तांबडं पाणी आठवा.
४. चढावर थांबा, फक्त हँडब्रेकवर धरा, मग उचला. मागे सरकली तर केबल किंवा मागचे लायनर.
५. उतरताना दुसरा गिअर. ॲक्सिलरेटर सोडल्यावर लिव्हर स्वतःहून न्यूट्रलला उडाला तर गिअरबॉक्स उघडायचा खर्च धरा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून घुंईऽ आवाज आला तर क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे मुख्य गिअर.

*इशारा: उतारावर गिअर उडाला तर घाबरून इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते आणि पेडल दगडासारखं होतं.*

खाली आल्यावर इंजिन चालूच ठेवून दहा मिनिटं थांबा. हाताची मागची बाजू चारी हबांच्या जवळ न्या. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग चाललंय. खाली कागद पसरून थेंब बघा, आणि टायरच्या आतल्या बाजूचे काप याच वेळी बघून घ्या. कातळ बाहेरून दिसत नाही तिथे चिरतो. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे: २३२२ म्हणजे २०२२चा तेविसावा आठवडा.

टप्पा ८: किंमत आणि नावावर करणं

क्लच, टायर, क्रॉस, बुश, बॅटरी, ब्रेकच्या नळ्या: यांचा खर्च मेकॅनिककडून लिहून घ्या आणि किमतीतून वजा करा. चेसीसचा जोड, पुराचं पाणी, न वाचता येणारा नंबर: यावर घासाघीस नको. या गाड्या स्वस्तातही महाग पडतात.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्या. कर्ज असेल तर फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा) आणि बँकेचं ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता विकणाऱ्याला देऊ नका. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. तोवर अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीची भरपाई अडकते.

टप्पा ९: ताब्यात आल्यावर पहिला आठवडा

इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदला. "मागच्याच महिन्यात बदललंय" यावर विसंबू नका. डिफरन्शियलचा ब्रीदर काढून फुंकून बघा. तुंबत असेल तर त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड हौद्याच्या उंचीला नेऊन बांधा.

गंजाचं काम जूनचा पाऊस यायच्या आधी उरकायचं. गोड्या पाण्यानं धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा, पापुद्रे तारेच्या ब्रशनं काढा, झिंक प्रायमर, मग रंग, आणि पोकळ पट्ट्यांच्या आत भोकांतून मेणाचा स्प्रे. ओल्यावर रंग मारलात तर गंज आत कोंडला जातो आणि दुप्पट वेगानं खातो. जळकं ऑइल फवारायची पद्धत सोडा. त्यानं रबरी बुश फुगतात, त्यावर खारी धूळ चिकटून बसते आणि पहिल्या पावसात ते परसातल्या विहिरीकडे वाहत जातं.

पाणी जायची भोकं बुजवू नका. दरवाज्यांच्या तळाची, हौद्याची, चेसीसची, सगळी तारेनं मोकळी करा. बंदरावरून आल्यावर त्याच संध्याकाळी खालून गोडं पाणी मारा, हौद्याचं फाळकं उघडं टाका आणि गाडी चढावर तोंड करून उभी करा, म्हणजे सांध्यांतलं पाणी रात्रीत निथळून जाईल.